सोम्स फॉर्साइटचा मृत्यु आणि इंग्रज प्रेक्षक

१९६९ सालच्या मार्च महिन्याची २ तारीख, वार रविवार. त्या दिवशीं संध्याकाळीं ब्रिटनमधील सुमारें एक कोट ऐशीं लक्ष माणसें, म्हणजे दर तीन माणसांमागें जवळजवळ एक, आपापल्या घरीं दूरचित्रवाणीच्या पेटीपुढें बसलीं होतीं. बी.बी.सी.च्या 'फॉर्साइट सागा' या नाट्यमालिकेचा तो सव्विसावा व शेवटचा भाग होता. जवळजवळ सहा महिने दर रविवारीं हाच प्रकार चालला होता. मालिकेची वेळ आणि चर्चमधील सायंप्रार्थनेची वेळ यांची गांठ पडूं लागल्यामुळें कित्येक धर्मोपदेशकांनीं प्रार्थनेचीच वेळ बदलली, अशा बातम्या त्या काळीं इंग्रजी वृत्तपत्रांत आल्या. देवाला थोडें थांबावयास सांगण्यास हरकत नाहीं, पण सोम्स कांहीं थांबावयाचा नाहीं, असा हा सरळ हिशेब होता.

सोम्स फॉर्साइट हा या कथेंतील प्रमुख पुरुष. त्या रात्रीं तो मरण पावला, आणि ज्या माणसाचा जन्म केवळ कागदावर झाला होता त्याच्यासाठीं घरोघर डोळे ओले झाले. एवढ्यावरच ही गोष्ट थांबती तर तिच्याविषयीं लिहिण्याचें आम्हांस कांहीं कारण नव्हतें. परंतु ज्याच्यासाठीं हे लोक हळहळले, त्याच सोम्सनें एका रात्रीं आपल्या विवाहित पत्नीवर बलात्कार केलेला याच प्रेक्षकांनीं याच पेटींत कांहीं महिन्यांपूर्वीं पाहिला होता. तें पाहून ते हादरले होते. आणि तरीही शेवटीं ते त्याच्यासाठींच रडले. हें कसें घडलें, हें पाहण्यासारखें आहे असें आम्हांस वाटतें.

कथा हप्त्याहप्त्यानें सांगितली म्हणजे ऐकणाराचा जीव तींत गुंततो, ही गोष्ट इंग्रजांना नवी नव्हती. १८४१ सालीं डिकन्सच्या साप्ताहिकांतून 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' क्रमशः प्रसिद्ध होत असतां लिट्ल नेल ही पोर मरण पावली, तेव्हां वाचकांनीं घरचें माणूस गेल्यासारखा शोक केला. १८९३ च्या डिसेंबरांत कॉनन डॉइलनें 'स्ट्रँड' मासिकांत शेरलॉक होम्सला धबधब्यांत लोटून दिलें. वाचकांना तें इतकें असह्य झालें कीं, दहा वर्षांनीं लेखकाला त्याला पुन्हां जिवंत करावें लागलें. पण नेल बिचारी निरपराध होती, आणि होम्स तर अन्याय झालेल्यांचा कैवारी! त्यांच्यासाठीं अश्रु ढाळतांना कोणाला स्वतःच्या मनाशीं झगडावें लागलें नाहीं. सोम्सच्या बाबतींत तसें नव्हतें.

या कथेचा कर्ता जॉन गॉल्सवर्दी हा शिक्षणानें बॅरिस्टर. वकिली मात्र त्यानें फारशी केली नाहीं. १८९१ सालीं त्याच्या चुलतभावाचें, आर्थरचें, एडा नांवाच्या तरुणीशीं लग्न झालें. तें सुखाचें झालें नाहीं. १८९५ च्या सुमारास जॉन आणि एडा यांचें प्रेम जमलें, परंतु जॉनच्या वृद्ध वडिलांना धक्का बसूं नये म्हणून त्या दोघांनीं जवळजवळ दहा वर्षें तें झांकून ठेविलें. १९०४ च्या अखेरीस वडील वारले. पुढल्या सालीं आर्थरनें घटस्फोट घेतला आणि सप्टेंबरांत जॉन-एडा विवाहबद्ध झालीं. १९०६ सालीं 'मॅन ऑफ प्रॉपर्टी' ही कादंबरी बाहेर पडली. जिच्यावर आपलें प्रेम तिचा पहिला संसार ज्यानें जवळून पाहिला, अशा मनुष्याची ही कृति आहे. तेव्हां तींतील सोम्सच्या चित्रांत राग आहे, आणि तो फारसा लपलेलाही नाहीं. गॉल्सवर्दीला वाटलें होतें कीं, आपलें काम येथें संपलें. पण १९१८ सालीं त्यानें तें सूत्र पुन्हां हातीं घेतलें. १९२० व १९२१ सालीं आणखी दोन कादंबऱ्या झाल्या, १९२२ सालीं तिन्ही मिळून 'फॉर्साइट सागा' हा ग्रंथ झाला, आणि पुढें आणखी तीन कादंबऱ्या होऊन १९२८ सालच्या 'स्वान साँग'मध्यें सोम्सला मरण आलें. रागानें ज्याचें चित्र काढावयास बसला, त्या माणसाच्या सहवासांत लेखकाला बावीस वर्षें काढावीं लागलीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

ज्यांना कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगतों. सोम्स हा लंडनमधील सधन सॉलिसिटर. घरें, समभाग, चित्रें, जें जें उत्तम तें तें विकत घ्यावें आणि नीट जपून ठेवावें, हा त्याच्या घराण्याचा कुलधर्म. आयरीन ही देखणी पण निर्धन मुलगी. तिनें पुष्कळ वेळां नकार दिला, पण यानें पिच्छा सोडला नाहीं, आणि अखेर ती त्याची पत्नी झाली. तिला त्याचा वीट आला. तो तिच्यासाठीं शहराबाहेर रॉबिन हिल येथें एक घर बांधावयास घेतो, आणि त्या घराचा शिल्पकार बॉसिनी याच्यावरच तिचें मन बसतें. सोम्सला हें कळतें आणि त्या रात्रीं तो तिच्या खोलींत शिरतो. पुढें बॉसिनी धुक्यांत गाडीखालीं सांपडून मरतो. आयरीन घर सोडते आणि कांहीं वर्षांनीं सोम्सच्याच चुलतभावाशीं, जोलियनशीं, लग्न करते. सोम्सही एका फ्रेंच मुलीशीं लग्न करतो. त्याला फ्लर नांवाची कन्या होते. दैवाचा खेळ असा कीं, ही फ्लर आणि आयरीनचा मुलगा जॉन यांचें एकमेकांवर प्रेम बसतें. मग जोलियन मुलाला एक पत्र लिहून जुनी हकीकत कळवितो, आणि तेहतीस वर्षांपूर्वींच्या त्या एका रात्रीमुळें हीं दोन निष्पाप मुलें कायमचीं दुरावतात.

ती रात्र गॉल्सवर्दीनें प्रत्यक्ष दाखविलेली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सोम्स न्याहारीला बसला आहे. आपण आपला हक्क बजावला असें तो मनाला बजावतो आहे. आणि तरीही तिचे हुंदके त्याच्या कानांतून जात नाहींत. एवढेंच पुस्तकांत आहे, आणि तें पुरेसें आहे. दूरचित्रवाणीला असें आडून सांगतां आलें नाहीं. तेथें एरिक पोर्टर हा नट आणि न्री डॉन पोर्टर ही नटी (आडनांव एक असलें तरी दोघांचें नातें कांहीं नव्हतें) यांनीं तो प्रसंग समोर करून दाखविला. झटापटींत तिच्या ब्रोचनें त्याचा हात खरोखरीच कापला आणि तें रक्त चित्रांत आलें. तेव्हां प्रेक्षकांना सोम्सचा अपराध ठाऊक नव्हता, किंवा सौम्य करून सांगितला होता, अशी सबब कोणाला सांगतां येणार नाहीं.

अपराध हा शब्द आम्हीं वापरला. पण १८८७ सालीं, म्हणजे कादंबरींतील त्या प्रसंगाच्या वर्षीं, इंग्लंडच्या कायद्यानें तो अपराध नव्हता. सतराव्या शतकांतील सरन्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं, विवाहाच्या वेळीं दिलेली संमति पत्नीला मागें घेतां येत नाहीं, सबब पति तिच्यावर बलात्कार केल्याचा दोषी ठरूं शकत नाहीं. त्यांचा ग्रंथ १७३६ सालीं छापला गेला आणि तें मत पुढें अडीचशें वर्षें कायदा म्हणून चाललें. सोम्स हा कायदेपंडित. आपण चोरी केली नसून आपलीच वस्तु घेतली असें त्याला वाटावें, यांत आश्चर्य नाहीं.

येथें महाराष्ट्रीय वाचकाला मुंबईची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्याच १८८७ सालच्या मार्चमध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं रखमाबाईंना हुकूम केला कीं, एका महिन्याच्या आंत दादाजी भिकाजी या पतीच्या घरीं नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें. पत्नीला नांदावयास लावण्याचा हा दावा आमच्या धर्मशास्त्रांतून निघालेला नव्हता. तो विलायतेच्या कायद्यांतून येथें आणून रुजविला होता, हें न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ सालीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल देतांना सांगितलेंही होतें. आणि खुद्द इंग्लंडांत अशा स्त्रीला तुरुंगांत टाकण्याची तरतूद १८८४ च्या कायद्यानें रद्द झाली होती! म्हणजे लंडनच्या आयरीनला जी शिक्षा होणें शक्य नव्हतें, ती मुंबईच्या रखमाबाईंना होणें शक्य होतें. रखमाबाईंनीं तुरुंगाची तयारी दाखविली, नांदण्याची दाखविली नाहीं. १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्या वादांत पतीच्या हक्काची बाजू घेणारांत 'केसरी'सारखें पत्र होतें, हें आपण विसरतां कामा नये. सोम्सच्या बाजूचे लोक कांहीं दुष्ट किंवा अडाणी असत, असें मुळींच नाहीं.

आतां मालिकेकडे वळूं. या कादंबऱ्यांचे चित्रपटाचे हक्क अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीकडे होते. तिनें १९४९ सालीं एक चित्रपट काढलाही होता. बी.बी.सी.तील डोनल्ड विल्सन यांनीं बऱ्याच खटपटीनें परवानगी मिळवून साही कादंबऱ्यांवर सव्वीस भाग तयार करविले. १९६७ च्या ७ जानेवारीपासून १ जुलैपर्यंत दर शनिवारीं ते दाखविले गेले, पण बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर. आणि ती वाहिनी पाहण्यास नव्या पद्धतीची पेटी लागे, ती पुष्कळांच्या घरीं नव्हती. म्हणून ८ सप्टेंबर १९६८ पासून पहिल्या वाहिनीवर रविवारीं संध्याकाळीं त्यांची पुनरावृत्ति सुरू झाली, आणि खरा कल्लोळ उडाला तो या दुसऱ्या खेपेस. त्या काळीं ब्रिटनमध्यें वाहिन्या तीन. कार्यक्रम घरीं मुद्रित करून ठेवून सवडीनें पाहण्याची सोय सामान्य कुटुंबांत नव्हती. चुकलें तें चुकलें. हिंवाळ्याचे दिवस, बाहेर अंधार, एकच खोली, एकच पेटी, आणि आजीपासून नातीपर्यंत सर्व मंडळी एकाच वेळीं एकाच घराण्याचें सुखदुःख पाहत आहेत, अशी ती स्थिति होती. आज ज्याला त्याला आपापली पेटी आणि आपापली वेळ मिळाली आहे. तेव्हां एका राष्ट्रानें एकाच घटकेला डोळे पुसावे, असा योग सहसा येत नाहीं. तो चांगला कीं वाईट, हा प्रश्न निराळा.

या आठवड्यांत घरोघर एक वाद चाले : सोम्स खरा कीं आयरीन खरी? आयरीनची बाजू घेणारे पुष्कळ होते. पण भाग जसजसे पुढें गेले तसतसें पारडें सोम्सकडे झुकूं लागलें. ती थंड आहे, तिनें पैसा पाहून लग्न केलें, मग त्याच्याशीं दोन शब्द गोड बोलावयास काय झालें होतें, असे आक्षेप तिच्यावर येऊं लागले. मौजेची गोष्ट अशी कीं, हें सर्व गॉल्सवर्दीला आधींच दिसलें होतें. १९२२ सालच्या प्रस्तावनेंत त्यानें लिहिलें आहे कीं, वाचकांना उत्तरोत्तर सोम्सची कींव येऊं लागते आणि आपण लेखकाच्या मनाविरुद्ध बंड करीत आहों असें त्यांना वाटतें; वस्तुतः लेखकालाही त्याची कींवच येते. कोणाच्या प्रेमास पात्र न होणें, आणि हें आपल्याला कळूं नये इतकी जाड कातडीही नसणें, हें त्याच्या मतें सोम्सचें दुःख. आणि आयरीनविषयीं तो म्हणतो तें तर अधिकच महत्त्वाचें आहे : ती कोठेंही स्वतःच्या मनांतून दिसत नाहीं, इतर पात्रांना जशी भासते तशीच ती वाचकापुढें येते.

आमच्या मतें सर्व कोड्याची किल्ली या शेवटच्या गोष्टींत आहे. सोम्सच्या मनांत आपण वावरतों. त्याची हांव, त्याची भीति, रात्रीं अंधारांत एकटें बसणें, सर्व आपल्याला आंतून कळतें. आयरीनला आपण फक्त दारांतून जातांना पाहतों. तिच्यावर जें गुदरलें तें तिच्या तोंडून आपल्याला कोणीं ऐकविलेंच नाहीं. सांगितलें तें जोलियननें, पत्रांत, मुलाला. ज्याचें मन दिसतें त्याची दया येते, मग तो अपराधी कां असेना. आणि जिचें मन दिसत नाहीं ती निरपराध असली तरी परकी राहते. लेखकानें सौंदर्याचें प्रतीक म्हणून तिला दूर ठेविलें, यांत तिचा गौरव करण्याचा त्याचा हेतु होता. पण व्यवहारांत त्यामुळें तिची बाजू लंगडी पडली. एडाचें दुःख सांगावयास निघालेल्या लेखणीनें शेवटीं लोकांना सोम्ससाठीं रडविलें!

त्यांत एरिक पोर्टरची भर पडली. पुस्तकांतील सोम्स वाचकागणिक वेगळा. पोर्टरचा सोम्स सर्वांना एकच. तो फार थोडें बोले. ओंठ घट्ट मिटलेले, मान ताठ. सव्वीस आठवड्यांत हा मनुष्य प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तरुणाचा म्हातारा झाला. आणि त्याच्याबरोबर एक युगही म्हातारें झालें. १९०१ सालची व्हिक्टोरिया राणीची अंत्ययात्रा कथेंत आहे. १९६९ सालीं सत्तरी ओलांडलेल्या कित्येक प्रेक्षकांनीं ती लहानपणीं बापाच्या खांद्यावरून पाहिली असेल. १९२६ चा सार्वत्रिक संप तर पन्नाशींतल्या माणसांनाही आठवत होता. आजोबांच्या घरचे पडदे, भांडीं, चालीरीति पाहतां पाहतां सोम्स हा त्यांना आपल्याच कुळांतील एखाद्या तुसड्या काकासारखा वाटूं लागला. असा काका कोणाला आवडत नाहीं. पण तो गेला म्हणजे घर ओकें वाटतें.

आणि मग शेवटचा भाग. मॅपलडरहॅम येथील सोम्सच्या घरीं त्याच्या चित्रशाळेला रात्रीं आग लागते. जन्मभर जमविलेलीं चित्रें तो खिडकींतून खालीं टाकूं लागतो. खालीं फ्लर उभी आहे. जॉनला ती दुसऱ्यांदा आणि कायमची मुकलेली आहे. एक जड चित्र तिच्या अंगावर कोसळणार तोंच सोम्स धांवत जाऊन तिला बाजूला सारतो, आणि तो घाव स्वतःवर घेतो. ज्यानें आयुष्यभर वस्तूंचा संग्रह केला, त्याला त्याच संग्रहांतील एक वस्तु मारते. पुढें बिछान्याजवळ बसलेली फ्लर लहान मुलीसारखें त्याला वचन देते कीं, मी नीट वागेन. मालिका संपते.

या प्रसंगीं प्रेक्षकांना अश्रु आवरले नाहींत, यांत कांहीं कृत्रिम नव्हतें. परंतु त्या अश्रूंचा अर्थ काय? प्राण देऊन सोम्सनें आपल्या पापाचें प्रायश्चित्त घेतलें आणि प्रेक्षकांनीं त्याला क्षमा केली, असा एक सोपा अर्थ लावतात. आम्हांस तो पटत नाहीं. सोम्सनें जीव दिला तो मुलीसाठीं; आयरीनच्या हिशेबांत त्यानें कांहींच जमा झालें नाहीं. आपलें काय चुकलें, हें त्याला शेवटपर्यंत उमगलेलें दिसत नाहीं. शिवाय क्षमा करण्याचा अधिकार आयरीनचा. तो एक कोट ऐशीं लक्ष लोकांकडे कोठून आला? प्रेक्षक रडले ते, आमच्या समजुतीप्रमाणें, सोंबतीच्या वियोगानें. सव्वीस रविवार ज्याच्याबरोबर काढले तो पुढल्या रविवारीं येणार नव्हता. दया ही सहवासाच्या पाठोपाठ येते, न्यायाच्या पाठोपाठ येतेच असें नाहीं. आणि त्या रात्रीं ती आली तेव्हां तिनें आयरीनला वगळलें, हें कोणाच्या ध्यानांतही आलें नसावें.

एवढ्यावरून त्या लोकांच्या नीतीविषयीं घाईनें मत देणें मात्र बरोबर होणार नाहीं. कारण हेच लोक त्याच वर्षीं दुसरीकडे काय करीत होते, तेंही पाहिलें पाहिजे. ऑक्टोबर १९६९ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें घटस्फोटाचा नवा कायदा संमत केला. १ जानेवारी १९७१ पासून तो अंमलांत आला. पति-पत्नींपैकीं एकाचा दोष सिद्ध झाल्यावांचून विवाह मोडतां येत नाहीं, ही जुनी अट त्यानें सैल केली आणि संसार कायमचा मोडला आहे कीं नाहीं, हें पाहण्यास न्यायालयांना सांगितलें. हा कायदा १८८७ सालीं असता, तर आयरीनला सोम्सच्या घरांत ती रात्र काढावी लागली नसती असें म्हणण्यास जागा आहे. रविवारीं संध्याकाळीं सोम्ससाठीं हळहळणारी माणसें आठवड्याच्या इतर दिवशीं आयरीनसाठीं वाट मोकळी करीत होतीं. सर मॅथ्यू हेल यांचें मत मात्र आणखी बावीस वर्षें टिकलें. १९९१ च्या ऑक्टोबरांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें एका खटल्यांत ठरविलें कीं, विवाहामुळें पतीला असली सवलत मिळत नाहीं. आणि सोम्सनें जें केलें त्याला कायद्यानेंही त्याचें खरें नांव मिळालें.

मालिका पुढें देशोदेशीं गेली. १९६९ सालीं ती अमेरिकेंत दाखविली गेली, आणि सोव्हिएट रशियानें विकत घेतलेली ती पहिली ब्रिटिश नाट्यमालिका ठरली. मालमत्तेच्या मोहाची ही कथा साम्यवाद्यांना कां आवडली असेल, याचा तर्क वाचकांनींच करावा. २००२ सालीं ग्रॅनडा कंपनीनें ती नव्यानें, रंगीत काढली. तींत डेमियन लुइसनें सोम्सचें काम केलें आणि तें नांवाजलेंही गेलें. परंतु ती मालिका पहिल्या तीन कादंबऱ्यांपाशींच थांबली. आग नाहीं, चित्रशाळा जळत नाहीं, सोम्स मरत नाहीं. त्याच्यासाठीं रडावयाचें असेल त्याला अजूनही १९६७ सालच्या त्या जुन्या कृष्णधवल चित्रणाकडेच वळावें लागतें.